रुद्राणीची पोथी

औसा, २२ जुलै २०२५

रुद्राणी,

आशीर्वाद. मागितला नसशील, तरी घे. आईचा आशीर्वाद म्हणजे दुकानातला माल न्हाई, गिऱ्हाईकानं मागितल्यावरच द्यायला.

अकरा वर्षांत हे माझं पहिलं पत्र. फोन तू उचलत न्हाईस. मल्लूच्या फोनवरून लावला तर भावाशी बोलतेस आन् माझा आवाज आला की ठेवून देतेस. पत्र मात्र असं मधूनच तोडता येत न्हाई. पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तुझ्याच पुस्तकातून. मागच्या पुठ्ठ्यावर छापलाय, नांदेडचा, घरनंबरासकट. जगाला पत्ता दिलास, आईला तेवढा दिला न्हाईस. शाबास.

हाव, पुस्तक आलं. स्वप्नालीनं फोनवरून मागवलं. स्वप्नाली म्हणजे मल्लूची बायको, तू तिच्या लग्नाला आली न्हाईस म्हणून सांगते. लातूरची हाय. पार्सल फोडलं आन् मागचा फोटो माझ्यापुढं धरून म्हणाली, "आत्याबाई, ह्या आपल्या रुद्राणीताईच ना?" मी चष्मा लावून बघितलं. तूच. केस कामून कापलेस? एवढे गुडघ्यापर्यंत केस, शनिवारी शनिवारी शिकेकाई लावून माझे हात भरून यायचे. जाऊ दे. केस तुझे हायत.

स्वप्नालीनं दोन दिवसांत वाचून काढलं. मी विचारलं, काय लिवलंय? तर म्हणे, "चांगलंय, पण यात काहीच होत न्हाई." लग्न? न्हाई. भांडण? न्हाई. कुणी मरतं का? न्हाई. मग दोनशे पानं काय केलं पोरीनं? "विचार करतात त्या, आत्याबाई." शेजारचे रामलिंग गुरुजी रिटायर झाल्यापासून मिळंल ते वाचतात. त्यांनी तीस पानं वाचली आन् पुस्तक परत आणून दिलं. "बसम्मा, भाषा झकास हाय पोरीची. पण गोष्ट कवा सुरू व्हती?" मला लई राग आला. तुझा न्हाई, गुरुजीचा.

मी अजून उघडलं न्हाई. खरं सांगते, भ्या वाटतं. मला गोष्टीचं काही पडलं न्हाई. मला एकच बघायचं हाय, त्यात मी हाय का, आन् असले तर कशी हाय. तू मला माफ केलंस का न्हाई, हे मला दुसरं कोण सांगणार?

वह्यांचं जे झालं ते झालं. तुझ्या रोजनिशीच्या वह्या रद्दीत गेल्या, त्या पानांत मी आपल्या किराणा दुकानात मोहरीच्या, हिंगाच्या, सुपारीच्या पुड्या बांधल्या, आन् तुझ्या मनातलं घरोघर गेलं. स्टँडवर पोरांनी मोठ्यानं वाचलं, गावात हसं झालं. एकोणीस वर्षांची व्हतीस, पिशवी घेऊन गेलीस. त्यावर मी आज काही बोलणार न्हाई.

सोमवारी श्रावणी सोमवार हाय. त्या दिवसापासून वाचायला घेते. मला मनातल्या मनात वाचता येत न्हाई, तुला माहीत हाय. ओठ हालल्याबिगर माझ्या डोक्यात अक्षर शिरत न्हाई. सातवीनंतर मी पोथीशिवाय दुसरं काही वाचलंय का? तवा पोथी वाचते तसंच वाचीन.

तुझी अव्वा


औसा, १ ऑगस्ट २०२५

रुद्राणी,

हस. खुशाल हस. पण आधी पुरं ऐक.

सोमवारी आंघोळ केली, लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लावली, पाटावर लाल कापड टाकलं आन् वर तुझं पुस्तक ठेवलं. दुसरं कसं वाचायचं ते मला येतच न्हाई. आवाज लावला तशा गल्लीतल्या बाया आल्या. दरवर्षी श्रावणात येतात, तशाच आल्या. गौरम्मानं आल्या आल्या पुस्तकावर डोकं टेकलं. तुला आठवती का गौरम्मा, कोपऱ्यावरची, जिला एका कानानं कमी ऐकू येतं? ती चांगला कान माझ्याकडं करून बसली. लक्ष्मीबाई आली, शिरूर अनंतपाळकडची, शेत बटईनं देऊन इथं लेकाकडं राहायला आलेली. आणखी पाच-सहाजणी. मी कुणाला काही सांगितलं न्हाई. काय सांगू? आन् एकदा वाचायला सुरुवात झाली की मध्ये थांबायचं न्हाई, पुढचं पान आधी बघायचं न्हाई, अक्षर बदलायचं न्हाई, हा नेम तुला म्हाईतच हाय. रोज एक अध्याय, बावीस अध्याय, म्हणजे अठराला समाप्ती.

पहिल्या दिवशी ती पोरगी पोत्यावर बसून राहिली. दुकानात. उन्हाचा पट्टा फळीवरून सरकत जातो, त्यात धूळ उडती, ती बघती. अध्याय संपला! मी दोनदा पान उलटून बघितलं, दोन पानं चिकटली तर न्हाईत? गौरम्मा म्हणाली, "नवी पोथी दिसती. देव कवा येतो?" मी म्हणले, येईल.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. बाया वारुळाला जाऊन तशाच आल्या. त्या दिवशी पोरगी औसा मोडाच्या फाट्यावर बशीची वाट बघती. नऊ पानं! आन् बस येतच न्हाई. अगं माय, बाया किती चिडल्या! "मग आली का न्हाई बस?" "अन् ती घरी कशी गेली?" लक्ष्मीबाईला तर चैन पडंना, संध्याकाळी दळणाचा डबा घेऊन परत आली, म्हणे पुढच्या अध्यायात येती का बघ की जरा. मी म्हणले, नेम हाय, बघता येत न्हाई.

तिसऱ्या दिवशी बशीचं नावच न्हाई. त्या दिवशी एक ओळ आली. "मी दारात उभी होते, आणि उभी आहे हे मला माहीत होतं." मी वाचली आन् पुढं गेले. दुपारी दुकानात मल्लू जेवायला गेला म्हणून मी बसले व्हते. तूरडाळ घालत व्हते पिशवीत. एकदम वाटलं, मी डाळ घालून राहिले, आन् मी डाळ घालून राहिले हे मला माहीत हाय. हे माहीत असणारी कोण? रुद्राणी, माझा हात तिथंच थांबला. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं अव्वा, चक्कर आली का?" चक्करच की गं! त्रेसष्ट वर्षांची झाले. एवढी वर्षं जी माझ्या आत बसून सगळं बघत व्हती, तिची माझी भेटच झाली न्हवती. तू एका ओळीत घडवलीस. एकोणीस वर्षं माझ्या चुलीवर जेवलेल्या पोरीला हे कुठून आलं? मी शिकवलं न्हाई, मला येतच न्हवतं.

कालपास्नं बाया "पुढं काय" विचारत न्हाईत. काल तर कुणी फुटाण्याचा प्रसाद घ्यायलाही लवकर हात पुढं केला न्हाई. लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून बसली व्हती. म्हणाली, "माझी सासू वारली तवा मी रडत व्हते आन् मनात भाकरी मोजत व्हते. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. ह्या पोथीवाल्याला कसं कळलं?"

मग मला राहवलं न्हाई. आज सांगून टाकलं. पोथी न्हाई, माझ्या रुद्राणीनं लिवलेलं पुस्तक हाय. मला वाटलं आता उठतात का काय. गौरम्मा मोठ्यानं म्हणाली, "आपली रुद्री? नाक पुसत फिरायची ती?" मग म्हणाली, "असू दे. उद्या किती वाजता?"

एक तक्रार हाय. पुस्तकात 'आई' म्हणून एक बाई येती. तुझी आई तर मी, आन् मला तू जन्मभर अव्वा म्हणलीस. ती बाई लई शांत हाय. ती मी न्हाई. ती मी असले तर माझं बोलणं कुठं गेलं?

तुझी अव्वा


औसा, ७ ऑगस्ट २०२५

रुद्राणी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन दारात असताना मी पीठ मळत व्हते, तशाच भरल्या हातानं घेतलं, कोपऱ्याला कणीक लागली. तीन ओळी लिवल्यास. "अव्वा, दोन्ही पत्रं मिळाली. समाप्ती अठराला ना? पहाटेच्या गाडीनं येते." मी मोठ्यानं वाचल्या. स्वप्नालीला बोलावून वाचल्या. गौरम्माच्या चांगल्या कानात वाचल्या. मल्लूनं शेवटी कार्ड हातातून काढून घेतलं, म्हणे, अव्वा, शाई जाईल आता.

कार्डात 'अव्वा' लिवलंस. मी बघितलं.

आज अकरावा अध्याय झाला, निम्मं पुस्तक. एक कबूल करते. पहिले चार दिवस मी पुस्तकात स्वतःला हुडकत व्हते, पोलीस हुडकतात तसं. आई आली की आवाज चढायचा माझा. आता तसं न्हाई. आता मी हुडकायची विसरते. परवाच्या अध्यायात ती आई पुडी बांधती. एवढंच. पाच पानं. कागद कसा घेती, अंगठ्यानं कोपरा कसा दाबती, निमुळतं टोक कसं वळती, दोऱ्याचा वेढा देऊन दात न लावता कसा तोडती. चाळीस वर्षं मी हे केलं. हाताला माहीत व्हतं, मला न्हाई. वाचून झाल्यावर मी आत गेले, कागद घेतला आन् मोहरीची पुडी बांधून बघितली. जमंना! बघत बघत बांधायला गेले तर तीनदा सुटली. चौथ्यांदा झाली, आन् मी तिच्याकडं बघतच राहिले. शिवशिव, केवढं काम हाय ते! आन् माझे हात बोलत बोलत करायचे, गिऱ्हाइकाशी भांडत भांडत. एवढं बघणारं कुणी आपल्या दुकानात पोत्यावर बसलेलं व्हतं आन् मी तिला म्हणायचे, बसून काय राहिलीस, सूप घे.

तो अध्याय झाल्यावर लक्ष्मीबाई एकदम बोलली. म्हणाली, "बसम्मा, तुझ्या पोरीचं लिवलेलं मी आधी वाचलंय. हिंगाच्या पुडीवर. 'पाऊस थांबल्यावर पत्रा थोडा वेळ एकटाच वाजत राहतो.' लेकाकडं आले व्हते तवा. पुडी फेकवली न्हाई मला. देवाच्या फळीवर ठेवली व्हती, मग घर सारवताना गेली." मग दुसरी म्हणाली, मला खोबऱ्याच्या पुडीवर आलं व्हतं. तिसरीला सुपारीच्या. एकीला अर्धीच ओळ आठवत व्हती, तर दुसरीनं पुरी केली, अगं, तिच्याकडं दुसरं पान गेलं असंल! स्टँडवरच्या टवाळ पोरांनी हसं केलं ते तू बघितलंस. ह्या बायांनी काय केलं ते तू बघितलं न्हाईस, मीबी न्हाई. तुझे पहिले वाचक ह्या, रुद्राणी. कुण्या पुण्या-मुंबईच्या आधी.

मला रडू आलं. पण खरं सांगू, त्यातलं निम्मं रडू भ्याचं व्हतं. पुड्यांचं बोलणं वाढू नये म्हणून मी पटकन म्हणले, रद्दीत गेल्या व्हत्या वह्या, काय करता. गौरम्मा भिंतीकडं बघत व्हती. ऐकू आलं नसंल.

ये तू. अठराला ये. स्टँडवर मल्लू येईल घ्यायला. तुझी खोली स्वप्नालीनं झाडून ठेवलीय.

तुझी अव्वा


औसा, १३ ऑगस्ट २०२५

रुद्राणी,

परवा पंधरा ऑगस्ट, टपाल बंद. म्हणून आत्ताच लिवते, मल्लू चारच्या आत स्पीड पोस्ट करंल. हे पत्र तू निघायच्या आधी तुझ्या हातात पडलं पाहिजे. वाचून मग काय ते ठरव.

आज सतरावा अध्याय व्हता. मी वाचत व्हते, बाया ऐकत व्हत्या, आन् ओळ आली. "त्या उन्हाळ्यात आईने माझ्या वह्या चुकून रद्दीत घातल्या. तिचे डोळे तेव्हा फार दुखत होते."

माझे डोळे कवा दुखत व्हते? कवाच न्हाई. सुईत दोरा तूच माझ्याकडनं ओवून घ्यायचीस.

मी थांबले. सोळा अध्याय ह्या पुस्तकानं खरं सोडलं न्हाई. उन्हाचा पट्टा खरा, बशीची वाट खरी, माझा अंगठा खरा. एवढ्या खऱ्यात दोन ओळी खोट्या, आन् त्या माझ्या. पोथीचं अक्षर बदलायचं न्हाई. खोटं वाचून पुढं जायचं तर जीभ उचलंना. बाया बघायला लागल्या. मग मी पुस्तकावर हात ठेवला आन् म्हणले, "हे चुकून न्हाई झालं. मी मुद्दाम केलं."

आता तुलाबी सांगते. अकरा वर्षं कुणाला सांगितलं न्हाई, मल्लूला न्हाई, देवाला सांगताना पण फिरवून सांगितलं.

तुझी वही मी वाचली. तू लातूरला कॉलेजला गेलेलीस, मी तुझी गादी उन्हात टाकायला उचलली, खाली वही. ओठ हालवत हालवत वाचली. एका पानावर लिवलं व्हतंस, "अव्वाच्या आयुष्यात काहीच घडलं नाही. सकाळी फळी उघडते, संध्याकाळी लावते. मी असं जगण्यापेक्षा मरेन." बास. बाकीचं काही मला दिसलंच न्हाई. तुझा बाप गेला तवा तू आठ वर्षांची, मल्लू पाचाचा. तुमच्यासाठी मी त्या फळीला चिकटून बसले, आन् माझ्या पोटची पोर म्हणती काहीच घडलं न्हाई! मी पेटले. वह्या उचलल्या, पिना काढल्या, पानं सुटी केली आन् गल्ल्याखाली ठेवली. बघू दे म्हणलं गावाला, काय लिवती माझी लेक. तीन दिवस बांधल्या पुड्या. चौथ्या दिवशी राग उतरला, पण पानं संपली व्हती. तू विचारलंस तवा म्हणले, रद्दीत गेल्या गं, चुकून. तू पिशवी भरलीस.

बाई, मी काय केलं! तुझं सगळं मन मी चार-चार आण्याच्या जिनसाला गुंडाळून दिलं. मारलं असतं तर बरं व्हतं.

हे सगळं मी बायांपुढं बोलले. कुणी उठलं न्हाई. अध्याय पुरा व्हायच्या आत उठायचं नसतं म्हणून उठल्या न्हाईत का काय, मला कळंना. मान वर करायची हिंमत व्हईना. मग गौरम्मा बोलली. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"बसम्मा, मला माहीत हाय. मी गूळ घ्यायला उभी व्हते. तुझ्यापुढं पेपरचा एवढा गठ्ठा पडलेला, आन् तू खाली वाकून वहीचं पान काढलंस. मी म्हणले, हिला काय झालं. आन् तुझी रुद्री माझ्या मागंच उभी व्हती, कॉलेजची पिशवी खांद्याला. तिनंबी बघितलं. तू वर बघायच्या आत बाहेर गेली ती."

रुद्राणी.

तुला माहीत व्हतं. तू विचारलंस तवाबी माहीत व्हतं. मी खोटं बोलले, ते तू तुझ्या डोळ्यानं बघून मग ऐकलंस, आन् तसंच घेऊन गेलीस. अकरा वर्षांनी पुस्तक लिवलंस, त्यात सगळं खरं लिवलंस, आन् माझ्यापाशी आल्यावर माझंच खोटं उचलून लिवलंस. वर माझे डोळे दुखवलेस. मी एका खोट्यानं स्वतःला वाचवत व्हते, तू दोन खोटी घालून मला जगापुढं वाचवलंस. मी कवापास्नं हुडकत व्हते माफ केलं का न्हाई. ते असं छापून ठेवलं असंल हे मला कुठं माहीत!

आन् आणखी एक. जे आयुष्य तू एकोणिसाव्या वर्षी म्हणालीस काहीच घडलं न्हाई, त्याच्यावरच तू दोनशे पानं लिवलीस. फळी, पोतं, पुडी, ऊन. दुसरं काय हाय त्यात? रामलिंग गुरुजीला सांगून आले मी मघाशी, गोष्ट पहिल्या पानापास्नं चालू हाय, तुम्हाला दिसली न्हाई. ते म्हणाले, "कोणती?" मी म्हणले, माझी. त्यांनी पुस्तक परत मागितलंय.

अध्याय मी पुरा केला. गौरम्मा म्हणाली, "आता पुढं वाच, दुपार व्हायली." ओळ जशी छापलीय तशी वाचली. मला ती बदलायचा हक्क न्हाई. पण तुला हाय. पुन्हा छापतील तवा ते 'चुकून' काढ, आन् माझे डोळेबी बरे कर. 'मुद्दाम' लिव. मला सोसवतं आता. आज आठजणींपुढं सोसलं, पुढचंबी सोसीन.

अठराला यायचं का न्हाई ते तू ठरव. आली न्हाईस तर मी समाप्ती करीन, अर्धी ठेवता येत न्हाई. पण आलीस तर एवढं कर. शेवटचा अध्याय तू वाच. मी पाटापुढं न्हाई बसणार, गौरम्माशेजारी बसीन. तू एकोणीस वर्षं माझ्या घरात व्हतीस आन् मी एक दिवस तुझं ऐकलं न्हाई. मला एकदा ऐकणाऱ्या बायांत बसू दे.

अव्वा